पालथा कागद

माझ्या वहिनीबद्दल मी आजवर दोनदा लिहिलं आहे. पहिलं लिखाण दीड पानाचं होतं, त्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का होता आणि त्यात मी तिला ‘सदर महिला कर्मचारी’ म्हटलं होतं. हे दुसरं. यात ती वहिनीच आहे.

मी संयुक्त मुख्यालयाच्या पास-खिडकीवर बसतो. सव्वीस वर्षं झाली. येणाऱ्याचं ओळखपत्र घ्यायचं, फोटो बघायचा, तोंड बघायचं, पुन्हा फोटो बघायचा आणि गळ्यात अडकवायचा पास द्यायचा. माझा धंदाच संशयाचा. समोरचा हसला तर का हसला, नाही हसला तर काय लपवतोय, हे मी दिवसभर बघतो. बायको होती तेव्हा म्हणायची, “तुम्ही एक दिवस आरशाकडेसुद्धा ओळखपत्र मागाल.” ती जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून माझं संध्याकाळचं जेवण खालच्या मजल्यावर, दादा-वहिनींकडे. दादाचं चष्म्याचं दुकान आहे. साऱ्या गावाला त्याच्यामुळे नीट दिसतं, आणि घरात काय चाललंय ते त्याला कधी दिसत नाही. मला मात्र सगळं दिसतं, असा माझा समज होता.

वहिनी त्याच इमारतीत, नोंदणी शाखेत होती. लग्न होऊन आली तेव्हाच तिची नोकरी होती. मला तिथे चिकटवलं तेही तिनेच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायची लाज वाटेल.

आता ही इमारत कसली ते सांगायला हवं. पाच देशांनी करार केला की एकावर हल्ला झाला तर पाचांनी धावून जायचं. त्या पाच फौजांचं एकत्र काम आमच्या इमारतीत चालतं, कारण जागा आमच्या देशाची. बाहेर पाच झेंडे, आत पाच तऱ्हा. आम्ही नोकरमाणसं आपसात बोलताना देशांची नावं घेत नाही. न जाणो, कोण कुठे ऐकत असेल. म्हणून आम्ही एकत्र कुटुंबातली नावं पाडली होती: थोरले, मधले, धाकटे, जावई, आणि पाचवे आम्ही.

थोरल्यांकडे रणगाडे सगळ्यात जास्त. त्यांची समजूत अशी की एखादी गोष्ट नकाशावर बाण काढून दाखवली म्हणजे ती झालीच. जावई युतीत उशिरा आले आणि तेव्हापासून रुसलेले. एकेका शब्दाचा कीस पाडणार, तीन-तीन दिवस बैठक लांबवणार, पण एकदा हो म्हटलं की सगळ्यांच्या आधी हजर. धाकटे आधी जोरात हो म्हणतात, मग घरी जाऊन बघतात की आपल्याकडे आहे काय, आणि दोन जीपगाड्या पाठवतात. आम्ही ‘बघू’ म्हणतो, आणि खरोखरच बघत बसतो.

मधल्यांचं प्रकरण वेगळं. फार जुन्या एका लढाईत त्यांचे दोस्त त्यांना खिंडीत सोडून निघून गेले होते. तेव्हापासून त्यांच्या फौजेत दोन गोष्टी पक्क्या शिकवतात. आपल्या राजधानीचा लेखी हुकूम आल्याशिवाय हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि दोस्ताला तोंडावर नकार द्यायचा नाही, कारण दुखावलेला दोस्त पुढच्या वेळी येत नाही. मग एखादी गोष्ट नको असेल तर काय करायचं? तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. त्यांच्या देशात शेंबड्या पोरालासुद्धा कळतं की हा नकार आहे.

एकदा मोठ्या सभागृहात कुणा प्राध्यापकांचं ‘युतीतील सामरिक संस्कृती’ या विषयावर व्याख्यान झालं. दोन तास पडद्यावर वर्तुळं आणि बाण. वहिनी मागे हजेरीचे कागद घेऊन बसली होती. घरी चालत येताना म्हणाली, “भाऊजी, प्रत्येक फौजेला तिच्या घरचं वळण असतं, एवढंच ना म्हणाले ते?”

“एवढंच.”

“मग चहा गार होईपर्यंत कशाला बोलले?”

युतीत मतदान नसतं. कागद तयार झाला की पाचही देशांना एकेक प्रत जाते आणि एक मुदत मिळते, बहुतेक पाच दिवसांची. ज्याला मान्य नसेल त्याने मुदतीच्या आत लेखी कळवायचं. कुणीच काही कळवलं नाही, तर मुदतीच्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला कागद मंजूर. गप्प बसणं म्हणजे होकार. ही सोय मुद्दाम काढलेली आहे. पाच देशांना तोंडाने हो म्हणायला लावलं असतं तर जन्मात एक कागद हलला नसता.

आता गंमत बघा. नियमाप्रमाणे गप्प बसणं म्हणजे हो, आणि मधल्यांच्या लेखी गप्प बसणं म्हणजे नाही. तरीसुद्धा ही युती एकतीस वर्षं सुरळीत चालली. कशी चालली हा प्रश्न मला कधी पडला नाही. मला फक्त लोकांच्या पिशव्यांबद्दल प्रश्न पडायचे.

नोंदणी शाखा तळमजल्यावर, सायकलींच्या शेडकडे तोंड करून. आत लांबट टेबल, भिंतीला पाच रंगांचे पाच कप्पे, नाड्यांनी बांधलेल्या फायली आणि एक मोठं गोल घड्याळ. वहिनी ठेंगणी, पायात सपाट कापडी बूट, उजव्या अंगठ्यावर कागद मोजायचं रबरी टोपण. ते टोपण ती कधीकधी घरीही विसरून घालून यायची आणि तसंच वाढायची. मुदत कधी संपते हे सगळे तिला विचारत, म्हणून तिचं नाव पडलं घड्याळबाई. मोठमोठे जनरलसुद्धा जिन्यात तिला गाठून विचारायचे, “बाई, अजून किती वेळ आहे?”

मुदतीच्या शेवटच्या सकाळी ती स्वतः तिसऱ्या मजल्यावर जायची. तिथे पाच देशांचे पाच कक्ष. ‘पोचपावतीवर सही राहिली आहे का बघते,’ असं निमित्त काढून प्रत्येक कक्षात डोकवायची. कुणाच्या टेबलावर कागद कसा पडला आहे, कोण तिच्याशी किती बोलतं, कोण खिडकीबाहेर बघतं, हे पाहून खाली यायची आणि एका निळ्या वहीत दोन ओळी लिहायची. मधल्यांच्या कक्षात एक पोक्त कर्नल होते. त्यांना कागद मान्य असला की ते त्याच दिवशी आवरणावर सही करून परत पाठवत. मान्य नसला की तो टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात पालथा घालून ठेवत आणि वहिनीशी खिडकीतल्या कुंड्यांबद्दल बोलत बसत. मग वहिनी सचिवांकडे जायची. जुने सचिव आमच्याच देशाचे, समजूतदार गृहस्थ. ती दारातूनच म्हणायची, “साहेब, मधले कुंड्यांबद्दल बोलतायत.” सचिव उसासा टाकून फोन उचलायचे, मुदत दोन दिवसांनी वाढायची, कॉरिडॉरमध्ये कुजबुज व्हायची, आणि कागदातलं नको असलेलं वाक्य निघून जायचं. हे कुठल्याही नियमात नव्हतं. नियमांच्या पुस्तकात वहिनीचं नावच नव्हतं.

यातलं काहीही तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ऑफिसातली गोष्ट जेवणाच्या ताटावर काढायची नाही, हा आमच्या घराचा शिरस्ता. तिला वाटायचं हा दारावर बसतो, याला नाही सांगितलेलंच बरं. मला वाटायचं ही वर काहीतरी करते आणि बोलत नाही. म्हणजे आम्ही एका टेबलावर जेवायचो आणि एकमेकांना हातचं राखून बोलायचो. युतीचं वळण आम्हालाही लागलं होतं.

जुने सचिव निवृत्त झाले आणि थोरल्यांकडचे नवे आले. त्यांनी आल्या आल्या कागद बंद केले आणि स्क्रीन बसवले. प्रत्येक देशाच्या नावापुढे दिवा. हरकत आली तर लाल, नाही आली तर बारा वाजता आपोआप हिरवा. आम्ही त्यांना स्क्रीनसाहेब म्हणू लागलो. कक्षांना छापील प्रत मिळायची ती फक्त माहितीसाठी. वहिनीला त्यांनी सांगितलं, “तुम्हाला आता जिने चढायची गरज नाही.” ही मनाईच होती, पण ती त्यांनी सौजन्याने सांगितली, असं सगळे म्हणाले. सौजन्य कुणी एवढ्या घाईने दाखवलं की माझ्या मनात पाल चुकचुकते, पण त्या वेळी माझा संशय भलतीकडेच लागला होता. वहिनी जिने चढतच राहिली.

त्याच सुमाराला सीमेवरचं वातावरण बिघडलं. आणि इथे आमचं घर या गोष्टीत येतं, कारण दादा-वहिनींचा एकुलता एक मुलगा पूल बांधणाऱ्या पलटणीत लेफ्टनंट होता. मला मूलबाळ नाही. त्याला सायकल मी शिकवली, गणित मी शिकवलं, आणि सैन्यात जायला दादा नको म्हणत होता तेव्हा त्याची बाजूही मीच घेतली. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. आधी आईशी बोलायचा, मग बापाशी, आणि शेवटी म्हणायचा, “काकांना द्या, त्यांना माझा आवाज खरा आहे का ते तपासायचं असेल.”

एका मंगळवारी माझ्या साहेबांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं. साहेब म्हणजे सुरक्षा विभागाचे प्रमुख. त्यांनी विचारलं, “तुमचा पुतण्या कुठल्या पलटणीत आहे?” मी सांगितलं. ते म्हणाले, “एक कागद फिरतोय. शुक्रवारी बाराला मुदत संपते. त्या पलटणीने नदीवर पूल टाकायचा, पलीकडचा काठ धरायचा. डावीकडची टेकडी मधल्यांची फौज धरणार. तुमच्या वहिनींनी तो कागद पाहिला आहे. बंदी असताना त्या मधल्यांच्या कक्षात जातात. वहीत काहीतरी लिहितात. आता तुम्हीच सांगा, यात काय दिसतं?”

मला जे दिसलं ते मला दिसायला नको होतं. मला एक आई दिसली. पोटच्या पोराला नदीपलीकडे पाठवणारा कागद हातात आलेली, आणि तो अडवायला दुसऱ्या देशाच्या कर्नलच्या हातापाया पडणारी. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. सव्वीस वर्षं मी अशीच माणसं पकडायला बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वळणावर उभं राहून मी तिच्यावर पाळत ठेवली. मुदतीला अजून दोन दिवस होते, तरी वहिनी वर आली आणि मधल्यांच्या कक्षात बारा मिनिटं होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. जिन्यातच थांबून, कठड्यावर वही टेकवून तिने लिहिलं. मग ती सचिवांच्या दाराशी गेली आणि दोन मिनिटांत परत आली. आत काय झालं ते मला पुढे कळलं. तिने सांगितलं, मधले नाही म्हणतायत. स्क्रीनसाहेबांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला आणि म्हणाले, “इथे तर एकही लाल दिवा नाही.”

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ताटं घेत होती. तिची पिशवी खुर्चीला टांगलेली. दादा दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची नक्कल करत होता. मी पिशवीत हात घातला, वही काढली आणि शेवटचं पान वाचलं. ‘मधले गप्प. कागद पालथा. आज कुंड्यांवर बारा मिनिटं. हा कागद थांबायला हवा.’ वही परत ठेवून मी बेसिनवर हात धुतल्यासारखे केले. ती म्हणाली, “भाऊजी, आज तुमचं लक्ष नाही. बरं नाही का?” आणि मला आणखी एक चमचा भाजी वाढली. ती मी खाल्ली, हे मला अजून आठवतं आणि माझाच राग येतो.

‘हा कागद थांबायला हवा.’ मला दुसरा पुरावा नको होता. गुरुवारी मी ते दीड पान लिहिलं. सदर महिला कर्मचारी, मुलगा संबंधित पलटणीत, परकीय कक्षात वारंवार ये-जा, खासगी नोंदी, कागद अडवण्याचा स्पष्ट हेतू. साहेबांनी वाचलं, पाठीवर थाप मारली आणि संध्याकाळी तिचा पास थांबवला. मी स्वतःला सांगितलं की तिच्या हातून मोठा गुन्हा होण्याआधीच मी तिला वाचवलं. स्वतःला पटवणं फार सोपं असतं, समोर उलट विचारायला कुणी नसतं.

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला ती खिडकीशी आली. आमच्या घरून आम्ही एरवी बरोबर निघायचो. त्या दिवशी मी लवकर निघालो होतो.

“भाऊजी, माझा पास लाल दाखवतोय.”

“तुमचा प्रवेश तात्पुरता थांबवलाय, बाई.”

सव्वीस वर्षांत मी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. बाई तर नाहीच. तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मागे दोन माणसं रांगेत होती, म्हणून ती काचेच्या भोकाशी वाकली आणि हळू आवाजात बोलली.

“बरं. मला आत सोडू नका. तुम्ही एक करा. तिसऱ्या मजल्यावर मधल्यांच्या कक्षात जा. कर्नलसाहेबांच्या टेबलावर डाव्या कोपऱ्यात कागद पालथा असेल. तो असला की मधल्यांचा नकार आहे. तसं सचिवांना सांगा. माझं नाही ऐकलं, तुमचं ऐकतील, तुम्ही सुरक्षा विभागाचे आहात. बाराच्या आत सांगायला हवं.”

“मला खिडकी सोडता येत नाही.”

“दहा मिनिटांचं काम आहे, भाऊजी. टेकडीवर कुणीही येणार नाहीये. पोरं काठावर एकटी पडतील.”

“हे मुलासाठी चाललंय तुमचं.”

“हो, मुलासाठीच चाललंय,” ती म्हणाली. “आणि कागद पालथा आहे, हेही खरं आहे.”

मी पुढच्या माणसाचं ओळखपत्र मागितलं. ती बाजूला झाली. सायकलींच्या शेडखाली जाऊन उभी राहिली. माझ्या खिडकीतून ती स्पष्ट दिसत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या एक-दोन अधिकाऱ्यांना तिने थांबवायचा प्रयत्न केला; ते घड्याळ बघत पुढे गेले. पावणेबाराला माझ्या जागेवर बदली माणूस आला होता, रोज येतो तसा, चहासाठी. मी चहा प्यायला मागच्या खोलीत गेलो. बारा वाजून दोन मिनिटांनी परत आलो तेव्हा ती फाटकातून बाहेर पडत होती. पाच दिवे हिरवे झाले होते.

नऊ दिवसांनी पलटणीने पूल टाकला. छान टाकला, सगळ्या बातम्यांत दाखवला. त्यानंतर दोन दिवस बातम्यांत काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी दादाने दुकान बंद ठेवलं. पलीकडच्या काठावर आमची पोरं होती आणि डावीकडची टेकडी मोकळी होती. शत्रू तिथून खाली उतरला. अकरा जण गेले. आमचा पोरगा डाव्या पायावर निभावला. गुडघ्याखालचा तो पाय आता नाही.

चौकशी बसली. आलेल्यांना पास द्यायचे आणि आत नेऊन सोडायचं काम माझं, त्यामुळे दाराशी उभं राहून मी ऐकलं. मधल्यांच्या कर्नलना विचारलं, तुमची फौज ठरल्याप्रमाणे का आली नाही? त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, “ठरलं कुठे होतं? आम्ही नाही म्हणत होतो. पाच दिवस म्हणत होतो.” स्क्रीनसाहेबांनी सांगितलं की हरकतीची नोंद नाही. कर्नल त्यांच्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, “त्या बाई कुठे होत्या? एकतीस वर्षं त्या शेवटच्या सकाळी येतात, बघून जातात, आणि तुम्हाला सांगतात. त्या दिवशी त्या आल्या नाहीत. मला वाटलं, तुम्हाला आधीच समजलंय.”

मला उमगलं की एवढ्या मोठ्या युतीत पाच फौजांना एकमेकींची भाषा येतच नव्हती. मधल्यांना वाटायचं, आपलं गप्प बसणं सगळ्यांना कळतं. बाकीच्यांना वाटायचं, मधले मुकाट्याने ऐकतात. मधे फक्त एक बाई जिने चढत होती. तिला मी खाली थांबवलं.

अहवाल आला. कार्यपद्धतीनुसार कागद मंजूर होता, कुणाचाही दोष नाही. वहिनीला पत्र आलं की तपासात आक्षेपार्ह काही आढळलं नाही, कामावर रुजू व्हावं. तिने ते वाचून त्याची घडी घातली आणि राजीनामा पाठवला. मला मात्र एक शंका सुटत नाही. बंदी तर ती महिनाभर मोडत होती, मग नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या साहेबांना ती कशी दिसली? त्यांच्या कानाशी कोण लागलं? थोरल्यांना तो पूल काहीही करून हवा होता, वहिनी जिने कशाला चढते हे स्क्रीनसाहेबांना ठाऊक असणार, आणि मधले नाही म्हणतायत हे तर तिने त्यांना बुधवारी तोंडावर सांगितलं होतं. मी कुणावर आरोप करत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. एकदा पुरावा आहे असं वाटून मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

घरात कुणाला ते दीड पान ठाऊक नव्हतं. खिडकीवर मी हुकूम पाळला, एवढंच वहिनीला माहीत होतं. तिने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. वाढायची, पाणी द्यायची, भाऊजी म्हणायची. तिला कळलं असेल का, हे मी रोज तिच्या तोंडाकडे बघून ताडायचो.

पुतण्या चार महिन्यांनी घरी आला. कुबड्या भिंतीला टेकवून जेवायला बसला. दादा त्याला हसवायला बघत होता. दुकानात एकाने दुसऱ्याचाच चष्मा घालून घरी जाऊन बायकोला ओळखलं नाही, असं काहीतरी. पोरगा थोडा हसला. मग आपणहून सांगू लागला.

“आम्ही दोन दिवस डावीकडे बघत होतो. टेकडीवर झुडूप हललं तरी वाटायचं, आले. माझा वायरलेसवाला म्हणायचा, साहेब, दोस्त आहेत, उशीर झाला असेल पण येतील. शेवटपर्यंत म्हणत होता तो.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “काका, तुम्ही दोघं तिथेच कामाला. का नाही आले ते?”

दादाने त्याला ‘आईकडे बघ’ अशी खूण केली, म्हणजे विषय बदल. मी वहिनीकडे पाहिलं. तिने सांगावं किंवा मला वाचवावं, दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. ती भांड्यावर झाकण ठेवत होती. तिने ते ठेवलं आणि माझ्यासमोर बसली.

मग मी सांगितलं. मिठाची गुळणी, हिरवे दिवे, कुंड्या, पिशवीतली वही, दीड पान, खिडकी, सगळं. दादाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. वहिनीने मान खाली घातली नाही. दीड पानाचं सांगितलं तेव्हा तिने एकदा डोळे मिटले, तेवढंच.

“आईने तुम्हाला वर जाऊन बघायला सांगितलं,” पोरगा म्हणाला, “आणि तुम्ही गेला नाहीत?”

“नाही.”

“का?”

“मला वाटलं, आई आहे. तुझ्यासाठी खोटं बोलत असेल.”

त्याने समोरचं ताट बाजूला सारलं.

“आम्ही दोन दिवस बघत होतो, काका,” तो म्हणाला. “तुमच्याच्याने दहा मिनिटं बघवलं नाही?”

आमच्या घरात लहानांनी मोठ्यांशी असं बोललेलं चालत नाही. एरवी वहिनीने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. त्या दिवशी तिने केलं नाही.